गाठ पसरते कशी? पेशीतल्या चिठ्ठ्यांची गोष्ट

दुपारची कामं उरकून कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओजवळ बसला असाल. मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाचं व्याज कसं काढायचं ते बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. नाव जरा अवघड आहे, पण गोष्ट अवघड नाही. शेवटपर्यंत ऐका. कारण यातली एक गोष्ट आम्हाला आधी कळली असती, तर आमच्या गटातल्या एका मावशींच्या बाबतीत आम्ही वेगळं वागलो असतो.

मावशींचं वय ५५ च्या आसपास. गट सुरू झाला त्या दिवसापासूनच्या सभासद. बैठकीला कधी खाडा नाही, हप्ता कधी थकला नाही. त्यांच्या शौचातून रक्त जायचं. वर्षभर त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकली आणि झाडपाल्याचं औषध सुरू झालं. पुढे तालुक्याला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आतड्यात दुर्बीण घालून बघावं लागेल, गाठ दिसली तर बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "गाठीला हत्यार लागलं की ती पसरते. हात लावू देऊ नका." त्या आठवड्यात गटाची बैठक होती. मावशींनी आम्हालाच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या बाया, तुम्ही सांगा काय करू."

खरं सांगायचं तर आम्ही गप्प बसलो. दोघी-तिघींनी जाऊबाईंच्या बोलण्याला मानसुद्धा डोलावली. लहानपणापासून आम्हीही हेच ऐकत आलो होतो. त्यात पाच महिने गेले. शेवटी तपासणी झाली तेव्हा आतड्यातली गाठ लिव्हरपर्यंत पोहोचली होती. मावशी आज आपल्यात नाहीत.

त्यांच्यानंतर आम्ही बैठकीत ठरवलं, की गाठ पसरते म्हणजे नेमकं होतं तरी काय, हे समजून घ्यायचंच. आमच्यातल्या एकीची लेक पुण्याला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. ती सुट्टीला आल्यावर तिला बैठकीत बसवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनाही बोलावलं. दोन बैठका झाल्या, भरपूर प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

आधी 'पसरणं' म्हणजे काय ते

आपल्याकडे 'कॅन्सर पसरतो' म्हटलं की काही जणी वेगळाच अर्थ घेतात. मावशींचा कप घरात वेगळा ठेवला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कॅन्सर एका माणसातून दुसऱ्या माणसात जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात निजल्याने, आजारी माणसाची सेवा केल्याने तो लागत नाही. 'पसरतो' याचा अर्थ त्याच माणसाच्या शरीरात एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो.

आतड्याच्या गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि लिव्हरमध्ये जाऊन घर करतात. जठराच्या कॅन्सरच्या पेशी पोटाच्या पडद्यावर आणि बायकांमध्ये कधी कधी अंडाशयातही जाऊन बसतात. गाठ एका जागी असते तोवर डॉक्टर ती काढू शकतात. बाहेर पडलेल्या पेशींना गाठणं फार कठीण असतं. कॅन्सरने होणारे बहुतेक मृत्यू या पसरण्यामुळेच होतात. म्हणून सगळा प्रश्न असा आहे, की आपल्या जागेवर गुपचूप बसलेली पेशी उठून चालू का लागते?

इतिवृत्ताची वही, नक्कल आणि चिठ्ठी

आपलं शरीर अब्जावधी पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीत एक मोठी वही असते असं समजा. तिला शास्त्रज्ञ डीएनए म्हणतात. कुठलं काम कसं करायचं याचे ठराव या वहीत लिहिलेले असतात. एकेक ठराव म्हणजे एकेक जनुक. माणसाच्या पेशीत असे सुमारे २०,००० ठराव असतात.

आता आपल्या गटात आपण काय करतो? इतिवृत्ताची मूळ वही सचिव कपाटात ठेवते. बँकेत काम असलं तर वही नेत नाही, त्या ठरावाची नक्कल काढून नेतो. नक्कल पाहून साहेब काम करतात. पेशीतही तसंच आहे. मूळ वही पेशीच्या केंद्रात बंद असते. ज्या ठरावाचं काम करायचं त्याची नक्कल निघते आणि केंद्राबाहेर येते. या नकलेला मेसेंजर आरएनए म्हणतात. नक्कल वाचून पेशी प्रथिनं तयार करते, आणि प्रथिनं सगळी कामं करतात.

पण समजा नक्कल बँकेकडे निघाली आणि अध्यक्षांच्या लक्षात आलं की हे काम सध्या नको. तर त्या काय करतील? नकलेला एक छोटी चिठ्ठी टाचतील, 'सध्या थांबवावे'. मूळ वहीतला ठराव तसाच राहतो, पण काम थांबतं. पेशीतही अशा चिठ्ठ्या असतात. त्यांचंच नाव मायक्रोआरएनए. मायक्रो म्हणजे अगदी लहान. नक्कल शेकडो, हजारो अक्षरांची असते, तर ही चिठ्ठी जेमतेम २२ अक्षरांची. आपली अक्षरं ज्या नकलेशी जुळतात तिला ती जाऊन चिकटते. मग त्या नकलेवरून प्रथिन बनत नाही, किंवा ती नक्कलच मोडीत निघते.

माणसात हजाराहून जास्त प्रकारच्या मायक्रोआरएनए आहेत. एकाच प्रकारची चिठ्ठी अनेक ठरावांच्या नकलांना थांबवू शकते, आणि एका नकलेवर अनेक प्रकारच्या चिठ्ठ्या बसू शकतात. त्यामुळे चिठ्ठी एवढीशी असली तरी तिच्या हातात कारभार मोठा असतो.

एका अळीने लावलेला शोध

ही चिठ्ठी सापडली कुठे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ती सापडली मातीत राहणाऱ्या, एक मिलिमीटर लांबीच्या एका गोल अळीत. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकून या दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी तिचा शोध प्रसिद्ध केला. अॅम्ब्रोस यांच्या शोधनिबंधावर पहिलं नाव एका बाईचं आहे, रोझलिंड ली यांचं. त्या या प्रयोगशाळेत काम करत होत्या आणि अॅम्ब्रोस यांच्या पत्नीही आहेत.

त्या वेळी बऱ्याच जणांना वाटलं, अळीत असेल काहीतरी, माणसाशी त्याचा काय संबंध? पण २००० साली त्याच अळीत दुसरी एक चिठ्ठी सापडली आणि तीच चिठ्ठी माणसातही असल्याचं दिसलं. मग जगभर शोध सुरू झाला. २००२ साली रक्ताच्या एका कॅन्सरशी या चिठ्ठ्यांचा संबंध दिसला. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये दोन चिठ्ठ्या कमी झालेल्या आढळल्या. आणि २०२४ साली अॅम्ब्रोस आणि रुव्हकून यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या त्या लेकीने हे सांगितलं तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे बाई, अळीलाच बक्षीस द्यायला पाहिजे होतं!"

पेशी जागा कशी सोडते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं. या पेशी विटांसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. त्यांना जोडून धरणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. आपण त्याला विटांमधला गिलावा म्हणू. हा गिलावा शाबूत आहे तोवर पेशी जागेवरून हलत नाही.

पेशीत झेब नावाची दोन प्रथिनं असतात. ती वाढली की गिलाव्याचं काम बंद पाडतात. बाळ गर्भात घडत असताना पेशींना इकडून तिकडे जावं लागतं, तेव्हा अशा सुट्या होण्याचा उपयोग असतो. पण मोठ्या माणसाच्या आतड्यात पेशींनी भटकायचं नसतं. म्हणून झेबच्या नकलांवर सतत एक चिठ्ठी लावलेली असते, 'थांबवावे'. या चिठ्ठ्यांच्या कुटुंबाला मायक्रोआरएनए-२०० म्हणतात. ही चिठ्ठी झेबला दाबून ठेवते, झेब दबलेलं असल्यामुळे गिलावा टिकतो, आणि पेशी घरात राहते. २००८ साली एकाहून जास्त ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी ही साखळी उलगडली.

कॅन्सरच्या काही पेशींमध्ये ही २०० नंबरची चिठ्ठी कमी होते. मग झेब डोकं वर काढतं, गिलावा निघून जातो आणि पेशी सुटी होते. त्यात आणखी वाईट असं, की वाढलेलं झेब उलट या चिठ्ठ्याच तयार होऊ देत नाही. चोराने आधी राखणीचा कुत्राच बांधून ठेवावा, तसं हे आहे. म्हणून एकदा तोल गेला की तो सहज सावरत नाही.

नुसतं सुटं होऊन भागत नाही. अस्तराच्या खाली एक पातळ पडदा असतो आणि त्यापलीकडे तंतूंचं जाळं. हे शरीराचं कुंपण. ते तोडल्याशिवाय पेशीला रक्तवाहिनीपर्यंत जाता येत नाही. इथे दुसरी चिठ्ठी येते, मायक्रोआरएनए-२१. हिचं उलटं आहे. ही कमी नाही, जास्त झाली की घात करते. पेशीत काही प्रथिनं राखणदारासारखी असतात. कुणी वाढीला आवर घालतं, कुणी कुंपण कुरतडणाऱ्या रसांना रोखून धरतं. २१ नंबरच्या चिठ्ठ्या भारंभार झाल्या की त्या या राखणदारांच्याच नकलांवर जाऊन बसतात. राखणदार कामावर येत नाहीत आणि कुंपणाला भगदाड पडतं. २००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हे दाखवलं. त्याच वर्षी अमेरिका आणि हाँगकाँगमधल्या मिळून सुमारे दोनशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्याच्या गाठीत ही २१ नंबरची चिठ्ठी जास्त होती, ते रुग्ण कमी जगले होते.

पुढचा प्रवास रक्तातून. आतड्यातून निघणारं बहुतेक रक्त आधी लिव्हरमध्ये जातं. आपण खाल्लेलं अन्न तिथे तपासलं जातं, साठवलं जातं. सुटी झालेली पेशीही त्याच वाटेने जाते आणि लिव्हरमध्ये अडकते. म्हणून आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी लिव्हरमध्ये दिसतो. वाटेत बऱ्याचशा पेशी मरतात. पण एखादी टिकली आणि तिला जागा मिळाली, तर ती तिथे मुक्काम करते. शास्त्रज्ञांना इथे एक चकित करणारी गोष्ट दिसली. लिव्हरमध्ये स्थिरावलेल्या गाठींत २०० नंबरच्या कुटुंबातली चिठ्ठी पुन्हा वाढलेली आढळली. म्हणजे निघताना सुटं व्हायचं आणि नवीन गावात पोहोचल्यावर पुन्हा गिलावा लावून घर बांधायचं! याशिवाय गाठीतल्या पेशी अशा चिठ्ठ्या बारीक पुडीत बांधून रक्तात सोडतात, आणि त्या दूरच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोष फक्त चिठ्ठ्यांचा नसतो. मूळ वहीतच खाडाखोड होते, ठराव चुकतात, तिथून कॅन्सर सुरू होतो. वय, तंबाखू, दारू, जठरातला एक जंतू, घराण्यातून आलेला दोष अशी त्याची बरीच कारणं आहेत. मिश्री ही तंबाखूच आहे, हेही इथेच सांगून ठेवतो. पण सुरू झालेली गाठ जागेवर राहते की चालू लागते, यात चिठ्ठ्यांचा मोठा हात असतो.

मग हत्यारावर आळ का आला?

आता मावशींच्या जाऊबाईंच्या बोलण्याकडे परत येऊ. त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. त्यांनी गावात जे पाहिलं तेच सांगितलं. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. गाठ आधीच पसरलेली असते, फक्त आपल्याला माहीत नसतं. तुकडा काढतात, ऑपरेशन होतं, आणि काही महिन्यांत माणूस जातो. बघणाऱ्याला वाटतं, हत्यार लागलं आणि पसरलं. पाऊस पडायच्या आधी मुंग्या वर येतात, म्हणून मुंग्यांनी पाऊस पाडला असं आपण म्हणत नाही. इथे मात्र तशीच चूक करतो.

आत्ता सांगितलेली सगळी साखळी आठवा. चिठ्ठी कमी होणं, झेब वाढणं, गिलावा निघणं, कुंपण तुटणं. यातलं काहीही दुर्बिणीतून काढलेल्या बारीक तुकड्यामुळे होत नाही. ते पेशीच्या आत, आपल्याला न कळता, आधीपासून चाललेलं असतं. डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती आम्हीही सांगतो. लिव्हरसारख्या काही अवयवांतल्या गाठीत बाहेरून सुई घालताना क्वचित सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात. डॉक्टरांना हे माहीत असतं, म्हणून कुठे सुई घालायची आणि कुठे टाळायची ते विचार करून ठरवतात. पण आतड्यातला किंवा जठरातला तुकडा आतूनच, दुर्बिणीच्या नळीतून काढतात. त्या तपासणीवाचून गाठ साधी आहे की कॅन्सरची हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय नीट उपचार ठरत नाहीत.

गाठीला वेळ दिला की ती पसरते, हत्यार लावलं की नाही, एवढं एक वाक्य आजच्या बोलण्यातून घरी न्या. मावशींचे पाच महिने आम्ही असेच जाऊ दिले. तेव्हा तपासणी झाली असती तर त्या वाचल्याच असत्या, असं आम्ही म्हणू शकत नाही. पण त्यांची संधी आमच्या गप्प बसण्याने कमी झाली, हे आम्ही नाकारूही शकत नाही.

आणि वेळ असतो, हे पण ऐका. मोठ्या आतड्यात आधी एक छोटा कोंब येतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे कोंब कॅन्सर होत नाहीत, आणि ज्याचा होतो त्याला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात. दुर्बिणीने बघताना असा कोंब दिसला तर तो तिथल्या तिथे काढता येतो. गाठ आतड्याच्या भिंतीत आहे तोवर सापडली तर ऑपरेशनने बहुतेक रुग्ण बरे होतात. लिव्हरमध्ये गेली तरी सगळं संपलं असं नाही. काही रुग्णांत तिथलीही गाठ काढता येते.

चिठ्ठीची तपासणी, चिठ्ठीचं औषध?

आमच्यातल्या एकीने विचारलं, की चिठ्ठ्यांवरून एवढं कळतं तर मग चिठ्ठीच तपासा ना! प्रश्न बरोबर आहे. या चिठ्ठ्या रक्तात टिकून राहतात हे २००८ साली दिसलं. तेव्हापासून रक्ताच्या किंवा शौचाच्या नमुन्यातल्या चिठ्ठ्या मोजून पोटातला कॅन्सर लवकर ओळखता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. पण आपल्या सरकारी दवाखान्यात रोज करता येईल अशी ती तपासणी अजून झालेली नाही. म्हणून उद्या कुणी मोठी रक्कम मागून 'एका थेंबात सगळे कॅन्सर सांगतो' म्हणाला, तर गटाचं कर्ज काढून त्याच्या मागे लागू नका. आधी सरकारी डॉक्टरांना विचारा.

औषधाचंही तसंच. चांगली चिठ्ठी कमी झाली असेल तर ती बाहेरून द्यावी, आणि वाईट जास्त झाली असेल तर तिला अडवावं, अशी कल्पना आहे. ३४ नंबरच्या एका चांगल्या चिठ्ठीची नक्कल बनवून लिव्हरच्या आणि इतर कॅन्सरच्या रुग्णांवर चाचणी झाली होती. पण शरीराच्या प्रतिकारशक्तीने तीव्र प्रतिक्रिया दिली, काही रुग्ण दगावले, आणि २०१६ साली ती चाचणी थांबवावी लागली. चिठ्ठी एकाच वेळी अनेक ठरावांवर बसते, आणि ती फक्त गाठीतच पोहोचवणं अजून अवघड आहे. काम थांबलेलं नाही, पण आज तुमच्या-आमच्या उपयोगाची तपासणी जुनीच आहे. शौचात लपलेलं रक्त शोधायचं, दुर्बीण घालून बघायचं, तुकडा तपासायचा.

आपण काय बघायचं, कुठे जायचं

सरकारतर्फे ३० वर्षांवरच्या माणसांची कॅन्सरसाठी तपासणी होते, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची. ती जरूर करून घ्या. पण त्यात आतडं आणि जठर येत नाही. म्हणजे पोटातली गडबड आपणच ओळखून आपणच सांगायला हवी. त्याची लक्षणं अशी:

- शौचातून रक्त जाणं, किंवा शौच डांबरासारखं काळं होणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होतं, म्हणून गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.
- पोट साफ होण्याची सवय अचानक बदलणं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि हे काही आठवडे चालू राहणं.
- न कळत वजन उतरणं, भूक मरणं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं.
- भाकरीचा घास घशाखाली अडकणं, वारंवार उलटी होणं.
- पाळी गेल्यानंतरही अंगात रक्त कमी असणं.

हे शेवटचं लक्षण जरा थांबून ऐका. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असणं हे इतकं नेहमीचं आहे, की कुणी विचारतच नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या की झालं. पण पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त कमी होत असेल, तर ते जातं कुठे हा प्रश्न विचारायलाच हवा. पोटात कुठेतरी थेंब-थेंब झिरपत असेल. मावशींचं हिमोग्लोबिनही कमीच असायचं. आम्ही त्यांना गूळ-शेंगदाणे खायला सांगायचो.

यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे कॅन्सरच झाला असं मुळीच नाही. रक्त जाण्याचं कारण बहुतेक वेळा मूळव्याधच निघतं. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण घरात बसून ठरवायचं नाही.

आधी आशाताईंना किंवा आपल्या आरोग्य केंद्रात सांगा. बायकांना शौचाचं बोलायला लाज वाटते, डॉक्टर पुरुष असले तर जास्तच. एकटीने जाऊ नका, गटातली एक बाई सोबत न्या. मोठ्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि औषधोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवलं तर घाबरू नका. आपल्यासारखीच माणसं महाराष्ट्रभरातून तिथे येतात.

आमच्या गटाने मावशींच्या नावाने एक ठराव केला आहे. तो इतिवृत्ताच्या वहीत लिहिलाय आणि त्याला कुणी 'थांबवावे' ची चिठ्ठी लावायची नाही असं ठरलंय. ठराव असा: महिन्याच्या एका बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं तब्येतीची. प्रत्येकीला विचारायचं, काही अंगावर काढतेयस का? कुणाला तपासणीला जायचं असेल तर त्या दिवसाचा प्रवासखर्च गटातून बिनव्याजी. आणि डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला तर घरच्यांशी बोलायला गटातल्या दोघी जातील. गेल्या सहा महिन्यांत तिघी जाऊन आल्या. दोघींना मूळव्याध निघाली. तिसरीच्या आतड्यात कोंब होता, तो दुर्बिणीतूनच काढला. ती परवा बैठकीला आली आणि पहिली गोष्ट काय केली, तर थकलेला हप्ता भरला!

तुमच्या गटाने असा ठराव करावा अशी आमची विनंती आहे. मावशींनी विचारलेला प्रश्न उद्या तुमच्याही बैठकीत कुणीतरी विचारेल. तेव्हा आमच्यासारख्या गप्प बसू नका. सांगा, "तपासून घे, आम्ही येतो सोबत."

पुढच्या वेळी याच वाराला, याच वेळेला भेटू. तोवर नमस्कार.